नाव : टिप्पणीसह मंजूर

कॉर्मॅकला साधं 'हो' म्हणता येत नसे, आणि 'नाही' तर त्याहून येत नसे. 'रिपोर्ट झाला का?' विचारलं की तो म्हणायचा, 'झाला.' 'उद्या साइटवर जाणार?' 'जाणार.' 'जेवलात?' 'जेवलो नाही अजून.' ऑफिसातल्या इंग्रज साहेबांना हे फार तुटक वाटायचं. मला मात्र पहिल्या दिवसापासून हा माणूस आमच्या नाशिकच्या पंचवटीतलाच वाटला, फक्त उन्हानं भाजून लाल झालेला. त्यानंच एकदा सांगितलं, की त्याच्या आजीच्या आयरिश भाषेत 'हो' आणि 'नाही' असे शब्दच नव्हते. ज्यानं विचारलं त्याचं क्रियापद त्याला परत करायचं आणि मोकळं व्हायचं. घरात इंग्रजी येऊन दोन पिढ्या झाल्या, पण ही खोड काही गेली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कतारमध्ये गॅसची कामं जोरात होती आणि ज्याला दोन पाइप जोडता येतात किंवा जोडलेल्या पाइपांची फाइल करता येते, अशा कुणालाही दोह्यात नोकरी मिळत होती. कॉर्मॅक पहिल्या जातीतला, मी दुसऱ्या. तो वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. मी डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे कंपनीत येणारं प्रत्येक ड्रॉइंग, पत्र आणि फॅक्स यांना नंबर देणारा, शिक्का मारणारा आणि पुढे धाडणारा. माझ्या शिक्क्याशिवाय अल रय्यानच्या त्या ऑफिसातून कागद बाहेर पडत नसे. कर्तबगारी एवढीच, पण तेवढ्या भांडवलावर मी बराच ताठ चालत असे.

कॉर्मॅक सव्वासहा फूट, बोलणं हळू, आणि खिशात कायम एक छोटी हातोडी. एक्स-रे, अल्ट्रासोनिक वगैरे सगळ्या तपासण्या तो नियमानं करायचाच, पण त्याआधी हातोडीनं एक टिचकी मारून कान लावायचा. 'बोलतंय बरोबर,' म्हणायचा, किंवा 'हे खोटं बोलतंय.' मग यंत्रं लावली की यंत्रंही तेच म्हणायची. अल थुमामाच्या आमच्या फ्लॅटवर तो आणि त्याची बायको ऊना पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा माझी बायको सुषमा पुरणपोळ्या लाटत होती आणि हा पठ्ठ्या बाल्कनीत जाऊन खिडकीच्या एसीखालच्या लोखंडी ब्रॅकेटला टिचकी मारून आला.

"हा पडेल," तो म्हणाला.

"कधी?" मी विचारलं.

"ते त्याला माहीत."

मी हसलो. माझं म्हणणं असं, की ज्या माणसाला पुरणपोळी कुठल्या बाजूनं धरायची कळत नाही त्यानं माझ्या ब्रॅकेटबद्दल बोलू नये. अकराव्या दिवशी एसी खाली गेला. खाली कुणी नव्हतं, फक्त इमारतीच्या मालकाचा पाण्याचा कूलर होता. तोही गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉर्मॅकनं नुसतं विचारलं, "पडला?" मी म्हटलं, "पडला." एव्हाना मीही त्याच्यासारखंच बोलायला लागलो होतो.

पण आमची मैत्री व्हायला तीन महिने लागले, आणि तो दोष संपूर्णपणे माझा. तो नवीन आला तेव्हा मी रीतीप्रमाणे विचारलं, "साहेब, चहा?" तो म्हणाला, "छे छे, उगीच त्रास नको." मी म्हटलं बरं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्यानंतर मी विचारणं सोडलं. एकदा आमचा टाइमकीपर ग्रेगरी, वसईच्या निर्मळचा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, तुझी त्या आयरिशमनशी काय दुश्मनी आहे?"

"माझी? का?"

"तो म्हणतो, कागदवाला माणूस चांगलाय, पण चहा देत नाही."

"अरे, तो नको म्हणतो."

"कितीदा विचारतोस?"

"एकदा."

ग्रेगरीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्याच्या पाहुण्याला उपाशी उठवलंय. "तीनदा विचारायचं. दोनदा तो नको म्हणणारच, शिस्त असते त्यांची. तू घरी कोणाला एकदाच विचारतोस काय?"

आमच्याकडे आग्रह असतो तो जेवणाच्या पानावर. ऑफिसातल्या थर्मासच्या चहालाही तो लागू होतो हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा कॉर्मॅक म्हणाला, "आता तू एवढा मागेच लागलास तर अर्धा कप." आणि तीन महिन्यांची थकबाकी असल्यासारखे चार कप प्यायला.

त्या चहावर मला त्याचं सगळं गाव पाठ झालं. आई, जी हा पंधरा वर्षांचा असताना वारली. ब्रेडा नावाची गाय, जी दूध काढताना लाथ मारायची पण फक्त पाहुण्यांना. गावातलं एकुलतं एक दुकान, जिथे किराणा, टपाल, बिअर आणि शवपेट्या एकाच काउंटरवर मिळत. पाऊस, ज्याचे तो आमच्याकडच्या भातांसारखे प्रकार सांगायचा. फक्त वडील त्या गावात कुठे दिसत नसत. मी मनात नोंद केली होती, की वडील लवकर गेलेले दिसतात. विचारलं नाही. असल्या बाबतीत मी फार नाजूक आहे, आणि या नाजूकपणानंच पुढे सगळा घोटाळा केला.

लग्नाला बारा वर्षं झाल्यावर, चाळिशीला टेकलेल्या ऊनाला दिवस राहिले. ती अल गराफातल्या एका शाळेत शिकवायची. तिचं माहेर अटलांटिकच्या पलीकडच्या टोकाला असावं इतकं लांब, त्यामुळे सुषमानं तिला परस्पर माहेरवाशीण करून टाकलं. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळीव. ऊना सगळं मुकाट खायची. इथले डॉक्टर मुलगा की मुलगी ते सरळ सांगून टाकतात, मुलगा होता. आणि मग नावाचा प्रश्न उभा राहिला.

ऊनाची अट एकच : नाव जुनं, आयरिश हवं. जॉन, मायकेल चालणार नाही. "गावच्या थडग्यांवर सापडलं पाहिजे, पण शाळेच्या हजेरीत दुसरं असता कामा नये," असं ती म्हणाली. कॉर्मॅकची अटही एकच होती. नाव टेस्टला उतरलं पाहिजे.

आमच्या धंद्यात पाइपलाइन जोडून झाली की तिच्यात पाणी भरतात आणि नेहमीच्या दीडपट दाबाखाली ठेवतात. याला हायड्रोटेस्ट म्हणतात. कुठे गळती असेल तर तेव्हाच कळते. कॉर्मॅकचं म्हणणं, नावालाही हे हवं. "नाव पाळण्यात म्हणायला सोपं असतं," तो म्हणाला. "पण पोर शेताच्या दुसऱ्या टोकाला असतं, वारा उलटा असतो, आणि जेवण गार होत असतं. तेव्हा नाव पोचलं पाहिजे."

म्हणून ऑफिस सुटल्यावर, संध्याकाळच्या उन्हात, मागच्या यार्डात नावांची हायड्रोटेस्ट सुरू झाली. एका टोकाला कॉर्मॅक, मधे पाइपांच्या राशी आणि धडधडणारा जनरेटर, दुसऱ्या टोकाला मी. त्यानं तोंडाशी हात धरून नाव पुकारायचं. मला स्वच्छ ऐकू आलं तर मी हात वर करायचा. मग मी ते नाव तारखेसह रजिस्टरात चढवायचो, कारण माझा स्वभाव.

"लोर्कऽऽन" जनरेटरनं खाल्लं. "कियन" हे नाव नट खाली पडल्यासारखं वाजून संपलं. "फर्गऽऽल" पोचलं, पण पोचेपर्यंत घाबरलेलं वाटलं. "ओशीऽऽन" इतकं उत्तम पोचलं की शेजारच्या यार्डातले दोन नेपाळी काम सोडून पाहायला आले. पण त्याचा अर्थ हरणाचं पाडस असा आहे हे कळल्यावर कॉर्मॅकनंच ते बाद केलं. "माझ्या घराण्यातला माणूस आहे तो," तो स्वतःच्या सव्वासहा फुटांकडे पाहत म्हणाला, "पाडस किती दिवस राहील?" महिनाभरात एकोणीस नावं झाली. ऊनाला आवडलेली त्याला पटत नव्हती, त्याला पटलेली जनरेटरला पटत नव्हती. माझा उजवा खांदा दुखायला लागला होता.

मग जानेवारीतल्या एका दुपारी तो नेहमीपेक्षा लवकरच आला आणि म्हणाला, "चल. एक राहिलंय." मी माझ्या टोकाला गेलो. तो बराच वेळ नुसता उभा होता. मला वाटलं, नाव विसरला. मग त्यानं हाक मारली.

"टिअर्नऽऽन."

जनरेटर, वारा, बाहेरच्या रस्त्यावरचे ट्रक, सगळ्यांतून ते नाव माझ्यापर्यंत आलं. मी हात वर केला. तो चालत आला. चेहरा नेहमीसारखा नव्हता.

"हे पास," मी म्हटलं. "अर्थ काय याचा?"

"छोटा धनी."

"छान आहे की. आजवर का काढलं नाही?"

"माझ्या वडिलांचं आहे," तो म्हणाला, आणि गाडीत बसून रास लफानच्या साइटवर निघून गेला. तिथे आठवडाभराचं काम होतं, आणि त्याचा मोबाइल तिकडे वाळूत लागत नसे.

आता इथे मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. माझं नाव त्र्यंबक. माझ्या वयाच्या माणसाला हे नाव साठ वर्षं जुनं आहे, कारण ते माझ्या आजोबांचं होतं आणि ते माझ्या जन्माच्या तीन महिने आधी गेले. आमच्याकडे जिवंत आजोबांचं नाव नातवाला ठेवत नाहीत. ठेवलं तर म्हाताऱ्याला वाटेला लावायची घाई झाली असं चारचौघं म्हणतील. आजोबा गेले, की मग नाव घरात परत येतं. माझ्या आईनं तर सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणून मला जन्मभर 'बाळ' म्हटलं. माझ्या मुंजीत भटजींनी नाव विचारलं तर ती शेजारणीकडे बघायला लागली. त्यामुळे एखाद्यानं मुलाला आजोबांचं नाव द्यायचं म्हटलं, की माझ्या डोक्यात दुसरा अर्थ येतच नाही.

मी सगळं जुळवलं. महिनाभर हे नाव काढलं नाही. आज अचानक काढलं. चेहरा उतरलेला. तडक कामावर निघून गेला, रजाही मागितली नाही. म्हणजे पूर्वी माझा अंदाज चुकला होता. वडील लवकर गेले नव्हते, ते याच आठवड्यात गेले होते. बिचारा मनातल्या मनात दुःख गिळत होता.

संध्याकाळी सुषमाला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आधी त्याला विचारा तरी."

"असं कुणाला विचारतात का, की तुमचे वडील वारले का म्हणून?"

"मग ऊनाला विचारते मी."

"अजिबात नाही. गरोदर बाईला असलं काही विचारायचं नाही. मी बघतो काय ते."

'मी बघतो' हे शब्द मी उच्चारले की सुषमा देवाजवळचा दिवा जरा मोठा करते. त्या दिवशीही तिनं केला.

दुसऱ्या दिवशी मी सांत्वनाचं पत्र लिहिलं. इंग्रजीत, आणि माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम. त्यात असं होतं, की तुमच्या कुटुंबाचा आधारवड कोसळल्याचं ऐकून आम्हां सहकाऱ्यांना अतीव दुःख झालं. आपले चिरंजीव कॉर्मॅक रोज वडिलांची आठवण काढतात, त्यांच्या कष्टांबद्दल अभिमानानं बोलतात. येत्या मार्चमध्ये त्यांना पुत्रप्राप्ती होणार असून त्यांनी मुलाला वडिलांचंच, टिअर्नन हे नाव देण्याचं ठरवलं आहे. तेव्हा ते नाव आणि ती थोरवी पुढे चालत राहील. खाली अकरा जणांच्या सह्या घेतल्या. ग्रेगरीनं न वाचताच सही केली, कारण तो माझ्याकडचा कुठलाच कागद वाचत नसे.

पाठवायचं कुठे? कॉर्मॅकच्या फाइलमध्ये आपत्कालीन संपर्क म्हणून गावातल्या त्या दुकानाचा फॅक्स नंबर होता. वर मी 'कै. टिअर्नन यांचे कुटुंबीय' असं लिहिलं. आणि मग हाताला सवय. आमच्या ऑफिसातून जाणाऱ्या प्रत्येक कागदाला एक छापील मुखपृष्ठ लागतं. त्याच्यावर क्रमांक, तारीख, विषय. तळाशी तीन चौकोन : 'मंजूर', 'टिप्पणीसह मंजूर', 'नामंजूर, सुधारून पुन्हा पाठवावे'. त्याखाली टिप्पणीसाठी चार ओळी आणि 'कृपया सही करून परत पाठवावे'. हे सगळं मी लावलं. शिक्का मारला. विषय : 'निधन व नामकरण'. फॅक्स गेला, पोच आली, आणि एक चांगलं काम पार पडल्यासारखा मी अर्ध्या दिवसात घरी आलो.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. सकाळी मशीनमधून माझंच मुखपृष्ठ उलट बाहेर येताना पाहिलं, तेव्हा वाटलं, किती शिस्तीची माणसं आहेत ही. मग वाचलं. तीन चौकोनांपैकी मधल्या चौकोनात, 'टिप्पणीसह मंजूर'पुढे, जाड पेन्सिलीची फुली होती. खाली म्हाताऱ्या, सरळ अक्षरात :

'१. मी वारलेलो नाही.
२. मुलगा रोज आठवण काढतो असे लिहिले आहे. नऊ वर्षांत त्याने तसे कळवलेले नाही.
३. नावाला हरकत नाही. मुलगा दाखवायला आणावा.'

आणि सही : टिअर्नन.

मी खुर्चीत बसलो. ग्रेगरी आला, त्यानं तो कागद वाचला, माझं मूळ पत्रही पहिल्यांदाच वाचलं आणि तोही बसला. बराच वेळ तो पोट धरून नुसताच हलत होता. शेवटी म्हणाला, "अरे, आमच्यात जिवंत आज्याचंच नाव ठेवतात. पहिला पोरगा झाला की बापाच्या बापाचं. मी ग्रेगरी, आजा ग्रेगरी, तो अजून केळी तोडतो वाडीत. त्यांच्यातपण तसंच असणार. मला विचारायचंस तरी."

"तू सही केलीस ना?"

"मी तुझ्या भरवशावर केली."

"आता माझी नोकरी?"

"नोकरी ऱ्हाऊ दे. त्याची हातोडी आठव."

दुपारी सुषमानं ऊनाला फोन करून सगळं कबूल केलं, आणि मग जे आधी विचारायला हवं होतं ते सगळं बाहेर आलं. कॉर्मॅक एकुलता एक. शेत आणि गाई त्यानं बघायच्या असं बापानं धरून ठेवलेलं. हा वेल्डिंग शिकला आणि गल्फला निघाला. निघायच्या सकाळी तो निरोप घ्यायला गोठ्यात गेला, तर म्हातारा गाईचं दूध काढत होता. त्यानं मान वळवली नाही. नऊ वर्षं हा वाट बघत होता की त्यानं आधी बोलावं, आणि तो वाट बघत होता की यानं. रीतीनं पहिल्या मुलाला त्याचंच नाव जातं, हे ऊना दोन महिने सांगत होती. कॉर्मॅक म्हणत होता, ज्यानं मान वळवली नाही त्याचं नाव मी रोज कसं पुकारू.

शनिवारी तो साइटवरून परतला, कानापर्यंत धुळीनं माखलेला. मी दोन्ही कागद फाइलमध्ये लावून त्याच्या टेबलावर ठेवले आणि समोर उभा राहिलो. आधी चहा विचारावा असं मनात आलं, पण तीनदा विचारण्याइतका आवाज नव्हता.

त्यानं आधी माझं पत्र वाचलं. मग उत्तर. मग पुन्हा माझं पत्र.

"मी रोज आठवण काढतो, असं तू लिहिलंस."

"लिहिलं, साहेब. असल्या पत्रात तसं लिहायची पद्धत असते."

"तुझ्यासमोर कधी काढली?"

"काढली नाही."

"मग तुला कसं कळलं?"

तो उठून खिडकीपाशी गेला. पाठमोराच म्हणाला, "मी ते नाव फक्त ऐकून बघितलं होतं. ठेवायचं ठरवलं नव्हतं. आता तू त्याला सांगून बसलास."

"मी दुसरं पत्र पाठवतो. चूक माझी म्हणून."

"तू आता काहीही पाठवणार नाहीस," तो म्हणाला. आवाज चढला नाही, पण मी त्या दिवशी एकाही कागदावर शिक्का मारला नाही.

त्यानंतर दीड महिना तो माझ्याकडे आला नाही. रिपोर्ट दुसऱ्याच्या हाती पाठवायचा. थर्मास माझ्या टेबलावर गार व्हायचा. एक म्हातारा फुली मारून बसला होता, आणि इकडे त्याचा मुलगा ना होकार देत होता ना नकार. त्या दोघांच्या मधे मी आपला शिक्का घेऊन पडलो होतो. कॉर्मॅकनं दुसरं नाव ठेवलं असतं, तर म्हाताऱ्याला पहिल्यांदा मी मारला होता, दुसऱ्यांदा त्यानं मारला असता. हे त्यालाही कळत होतं. यार्डात तो सगळ्या पाइपांना टिचक्या मारत हिंडायचा, पास झालेल्यांनासुद्धा.

मार्चमध्ये मुलगा झाला. चार किलोच्या जवळपास, लाल, आणि आवाज असा की जनरेटरनं बाजूला व्हावं. सुषमा दवाखान्यातच होती. पाचव्या दिवशी कॉर्मॅक माझ्या टेबलाशी उभा राहिला. "जन्माचा फॉर्म अरबीत टाइप करून लागतो म्हणे. कुठे करतात?"

"मी येतो," मी म्हटलं.

"म्हणूनच विचारतोय."

टायपिंगच्या दुकानात एक सुदानी म्हातारा बसायचा, सगळ्या दोह्याचे अर्ज त्याच्या दोन बोटांतून जायचे. त्यानं कागद चढवला. "बाळाच्या बापाचं नाव?" "कॉर्मॅक." "आजोबांचं नाव?" इथल्या फॉर्मवर बापाच्या बापाचाही रकाना असतो, आजोबांशिवाय इथे माणूस पुरा होत नाही. मी जमिनीकडे बघत होतो. नाव सांगायची मला मनाई होती.

"टिअर्नन," तो म्हणाला.

"हयात आहेत?"

"आहेत."

"आणि बाळाचं नाव?"

दुकानात पंखा होता, बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. सुदानी म्हातारा बोटं वर धरून वाट बघत राहिला. त्याला घाई नव्हती.

"तेच," कॉर्मॅक म्हणाला.

"माशाल्ला," म्हातारा टाइप करत म्हणाला. "माझ्याही पहिल्या नातवाला माझंच आहे. तो मला नावानं हाक मारतो, हरामखोर."

म्हणजे वसईला माहीत होतं, आयर्लंडला माहीत होतं, सुदानला माहीत होतं. पंचवटीतला मी एकटाच होतो, ज्यानं नाव ऐकून माणूस गेला असं धरलं. दुकानातून बाहेर पडताना कॉर्मॅक म्हणाला, "चहा पाजशील?" मी एकदाही न विचारता त्यानं मागितलेला हा पहिला आणि शेवटचा चहा.

जन्माचा दाखला आला, त्याची नक्कल त्यानं घरी टपालानं पाठवली. उत्तर आलं नाही. फोन त्यानंही केला नाही. दोघंही तसेच होते. पण जूनमध्ये त्यानं सव्वा महिन्याची रजा टाकली, आणि त्या रजेवरून तो परत आला नाही. पुढे कळलं, की गावापासून तासाभरावरच्या एका कारखान्यात लागला आणि सकाळ-संध्याकाळ गाई बघतो. त्याला मी शेवटचं पाहिलं ते विमानतळावर.

आम्ही दोघं पोचवायला गेलो होतो. सुषमानं ऊनाला लाडवांचा डबा दिला आणि दोघी बायका बाजूला होऊन डोळे पुसत बोलत बसल्या. कॉर्मॅक पोर छातीशी धरून उभा होता. अडीच महिन्यांचा छोटा धनी झोपला होता. ज्याला मी कधी कुणाचा सल्ला घेताना पाहिलं नव्हतं, तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दारात गेल्यावर आधी काय बोलायचं?"

या बाबतीत माझा सल्ला विचारणारा माणूस किती अडलेला असेल याची मला कल्पना आली. मी म्हटलं, "काही बोलू नका. पोर हातात द्या."

"मान वळवली नाही तर?"

"पोर समोर धरल्यावर हात पुढे येतातच, साहेब. मान मागून येते."

तो मग म्हणाला, "तू उभा राहा तिकडे." मी चार पावलं मागे जाऊन उभा राहिलो. आजूबाजूला ट्रॉल्या, पोतडी, रडणारी माणसं. तो सव्वासहा फुटी माणूस चालत माझ्यासमोर आला, माझ्या डोळ्यांत न बघता पोर पुढे केलं. मी हात पसरले, घेतलं. गरम, जड, दुधाच्या वासाचं. त्यानं परत घेतलं, मागे गेला, पुन्हा चालत आला. पुन्हा दिलं. दुसऱ्या खेपेला त्याचा हात पोराच्या मानेखालून सुटायला तयार होत नव्हता, मी म्हटलं, "सोडा, धरलाय मी." त्यानं सोडला.

तिसऱ्यांदा पोर जागं झालं आणि माझ्याकडे बघून जोरात रडायला लागलं. लांबून ऊनानं हाक मारली, की गेट बंद होईल. कॉर्मॅकनं ते रडणारं पोर माझ्या हातून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि रांगेकडे निघाला. मागे वळून पाहिलं नाही.